मागे वळलेला राजा

वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिल उपनगरातल्या फार्मसीत माझ्या काउंटरवर येणाऱ्या प्रिस्क्रिप्शन्सवरची नावं मी वाचते आणि विसरून जाते. ते बरंही असतं. पण त्या दिवशी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या एका प्रिस्क्रिप्शनवर रशियन नाव होतं, आणि ते वाचताना माझा हात थांबला. हे नाव मी लहानपणी सांगलीत ऐकलं होतं, बाबांच्या तोंडून, इतक्या वेळा की ते आमच्या घरातल्याच कुणाचं तरी असावं असं वाटायचं.

समोर एक उंच, जरासे वाकलेले गृहस्थ उभे होते. बाहेर दक्षिणेचं गार वारं सुटलं होतं, आणि कोटाची कॉलर वर करूनच ते आत आले होते. गोळी रोज एक, जेवणानंतर, हे मी सांगितलं. पुढचं खरं म्हणजे विचारायचं नसतं, पण विचारलं. तुम्ही बुद्धिबळ खेळायचात का?

त्यांनी गोळ्यांची पिशवी खिशात ठेवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"खेळायचो," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या बाबांनी. भारतात."

"त्यांना सांग, मी अजून जिवंत आहे."

बाबा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. करोनामुळे न्यूझीलंडच्या सीमा बंद होत्या, विमानं नव्हती. बाबांना नेलं ते मी चुलतभावाच्या फोनवर पाहिलं. मध्येच चित्र गोठलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं. हे सगळं काउंटरवर सांगण्यासारखं नव्हतं. मी नुसतं "सांगते" म्हणाले. ते गेल्यावर आत स्टोअररूममध्ये जाऊन थोडा वेळ उभी राहिले.

बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी बुद्धिबळ मंडळाच्या हॉलमध्ये खेळायचे. आमच्या सांगलीत या खेळाला मान आहे. एखाद्याची मुलगी गाते तशी एखाद्याची मुलगी बुद्धिबळ खेळते, यात कुणाला नवल वाटत नाही. त्या काळी रशियन पुस्तकं आपल्याकडे स्वस्तात मिळत. बाबांना कुठल्याशा प्रदर्शनात एक रशियन बुद्धिबळ मासिक मिळालं होतं. त्यांना रशियन येत नव्हतं, पण डावांची भाषा कळायला भाषा लागत नाही. राजासाठी कुठलं अक्षर, हत्तीसाठी कुठलं, हे त्यांनी पट मांडून, एकेक खेळी करून पाहत शोधून काढलं. त्या मासिकात काउंटरवर भेटलेल्या या ग्रँडमास्टरांचे काही डाव होते.

बाकीची मुलं हल्ले शिकत होती. वजीर बळी द्यायचा, पाच खेळ्यांत मात करायची, टाळ्या घ्यायच्या. बाबांनी मला हे दुसरंच शिकवलं. या माणसाचा डाव पाहिला तर पहिल्यांदा वाटायचं, हा काहीच करत नाहीये. तो वजीर लवकर मारामारीत काढून टाकायचा. पटावर उरायचे एखादा हत्ती, थोडी प्यादी आणि राजा. मग तो राजाला चालवायला लागायचा, एकेक घर, सकाळी फिरायला निघालेल्या माणसासारखा. मध्येच एखादं मोहरं मागे न्यायचा, पुन्हा पुढे आणायचा. समोरचा कंटाळायचा. कंटाळून एखादं प्यादं पुढे ढकलायचा, आणि तिथेच फसायचा. "प्याद्याला मागे येता येत नाही," बाबा म्हणायचे. "हा माणूस त्याचीच वाट बघतोय." वाईट स्थितीत सापडला तरी हा डाव सोडायचा नाही. ज्या जागी इतर खेळाडू हार मानून हात पुढे करत, तिथून याचा खरा खेळ सुरू व्हायचा.

मी तसं खेळायला शिकले. राज्य पातळीपर्यंत गेले. मग फार्मसी, मग शिक्षणासाठी इकडे येणं, मग नोकरी, लग्न, लेक. खेळ कधी सुटला ते कळलंही नाही.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा गोळ्या न्यायला आले तेव्हा मी त्यांना बाबा गेल्याचं सांगितलं. ते दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, शनिवारी दुपारी घरी ये, तुझा खेळ पाहू दे.

त्यांचं घर टेकडीवर होतं, खाली कोपऱ्यावर एक डेअरी, म्हणजे इथलं किराणा दुकान. तिथला गुजराती मालक त्यांच्यासाठी काळी पावरोटी मागवून ठेवायचा. घरात ते आणि त्यांची मुलगी दोघंच. ती भूकंपांचा अभ्यास करते, म्हणून वेलिंग्टनमध्ये आली. आई गेल्यावर तिने वडिलांनाही इकडे आणलं. त्यांचं इंग्रजी थोडकं होतं आणि माझं रशियन शून्य, पण पटावर आमचं छान जमलं. पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. मी अनवधानाने वजिराला वजीर म्हणाले आणि ते खुर्चीत सरसावून बसले. रशियनमध्येही त्या मोहऱ्याला ज्या शब्दाने ओळखतात त्याचा अर्थ वजीरच. "इंग्रजांनी त्याची राणी केली," ते म्हणाले, "आपण नाही." मात्र त्यांच्याकडे हत्ती तिरका चालतो, आणि आपला सरळ जाणारा हत्ती त्यांच्याकडे होडी असतो. माझी लेक एकदा सोबत आली होती. तिने हे सगळं ऐकून, "सो रँडम," एवढंच म्हटलं आणि जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर्स, घालून खाली डेअरीत आइस्क्रीम आणायला पळाली.

मी पहिला डाव हरले, दुसरा हरले, सगळेच हरले. पण डाव संपल्यावर ते मोहरी पुन्हा मांडून मला दाखवायचे की मी कुठे घाई केली. आणि हळूहळू, चहा घेता घेता, स्वतःचं आयुष्यही सांगायचे.

व्होल्गाकाठच्या एका गावात ते जन्मले, महायुद्ध नुकतंच संपलेलं. वडील युद्धातून आले नव्हते. आई गिरणीत. मुलांच्या क्लबात ऊब असायची, म्हणून ते तिथे जायचे, आणि तिथे बुद्धिबळ होतं. त्यांचे शिक्षक म्हणायचे, सगळ्यांना जिंकता येतं, तू न हरायला शीक. चौदाव्या-पंधराव्या वर्षी त्यांना एका प्रशिक्षण शिबिरात पाठवलं. तिथे खोलीत दुसरा एक मुलगा होता, युक्रेनमधल्या खार्किवचा. तो यांच्या अगदी उलट. बडबड्या, गाणारा, पटावर आगी लावणारा. रात्री एक जण झोपेत खेळ्या बोलायचा आणि दुसरा अंधारातून उत्तर द्यायचा. दोघं बरोबरच मास्टर झाले. हे पुढे ग्रँडमास्टर झाले, तो झाला नाही. तो स्पर्धांत यांचा मदतनीस असायचा. उद्याच्या प्रतिस्पर्ध्यासाठी तयारी करून द्यायचा. "माझा धीर आणि त्याची कल्पना," ते म्हणाले. "आम्ही दोघं मिळून एक चांगला खेळाडू होतो."

सोव्हिएत देश मोडला तेव्हा दोघं दोन देशांत गेले. हे युरोपातल्या खुल्या स्पर्धा खेळत हिंडले, स्टेशनांवर झोपले, पुढे मुलांना शिकवू लागले. तो खार्किवमध्येच राहिला. पण दोघांचा एक डाव सतत चालू असायचा. आधी पोस्टकार्डांवर, मग ईमेलवर, मग फोनवर. एक संपला की दुसरा. मी त्यांच्याकडे जायला लागले तेव्हाही खिडकीतल्या छोट्या पटावर त्या मित्राबरोबरचा डाव मांडलेला होता. फोन वाजला की ते चष्मा लावून वाचायचे, हसायचे, जाऊन एक मोहरं हलवायचे. "खोटारडा," असं काहीतरी रशियनमध्ये म्हणायचे.

बाबांचा प्रश्न विचारायला मला बरेच शनिवार लागले.

त्या मासिकात एक डाव होता, त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतला. दोन्हीकडे एकेक हत्ती, यांचं एक प्यादं जास्त, आणि यांचा राजा पटाच्या मध्यापर्यंत चालत आलेला. आता एक घर पुढे. पण राजा मागे वळला, आणि थोड्याच खेळ्यांत डाव बरोबरीत सुटला. बाबा त्या खेळीने झपाटले होते. ते म्हणायचे, याला पुढे काहीतरी दिसलं. आपल्याला दिसत नाही असा काहीतरी धोका आहे तिथे. कित्येक रविवारी ते पट मांडून तो धोका शोधायचे. मला सांगायचे, जिंकत असतानाही थांबता आलं पाहिजे, याला म्हणतात शहाणपण. तो धोका त्यांना कधी सापडला नाही.

मी ती स्थिती मांडली. ग्रँडमास्टरांनी पटाकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"इथे काय होतं?" मी विचारलं. "बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"काही नव्हतं," ते म्हणाले. "राजा पुढे गेला असता तर मी जिंकलो असतो. क्लबातल्या मुलालाही ते दिसलं असतं."

"मग?"

त्यांनी राजा उचलला, बोटांत फिरवला, परत ठेवला. समोर खार्किवचा मित्र होता, ते म्हणाले. त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. तो डाव हरला असता तर संघातली त्याची जागा गेली असती, आणि जागेबरोबर पगार आणि राहतं घर. त्याने हे सांगितलं नव्हतं, सांगणाऱ्यातला तो नव्हता. पण त्याचा हात थरथरत होता. हे खूप वेळ बसून राहिले. लोकांना वाटलं, पटावर काहीतरी खोल चाललंय. हे मात्र त्याच्या हाताकडे पाहत होते. आणि मग राजा मागे नेला.

त्या अर्ध्या गुणाने त्यांची परदेशातल्या पात्रता स्पर्धेतली जागा गेली. दुसऱ्याला पाठवलं. जगज्जेतेपदाच्या वाटेवरची ती पहिली पायरी होती. पुढच्या वेळी ते आजारी पडले, त्यानंतर तरुण मुलं पुढे आली, आणि ती पायरी पुन्हा पायाखाली आली नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात काही नव्हतं. खंत नव्हती, मोठेपणाही नव्हता.

"त्यांना हे ठाऊक आहे?"

"नाही. त्याला वाटतं तो डाव त्याने वाचवला. आयुष्यातला सगळ्यात चांगला बचाव म्हणून सगळ्यांना दाखवतो. मी ते त्याच्याकडून कसं काढून घेऊ?"

त्या दिवशी टेकडी उतरून गाडीत बसल्यावर मला बाबांना फोन करायचा होता. फोन हातात घेतलाही. त्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं की वाईट, मी अजून ठरवू शकलेले नाही. आयुष्यभर ते धोका शोधत राहिले आणि तिथे एक बाळंतीण बायको होती.

मग युद्ध सुरू झालं.

पहिले काही दिवस खार्किवहून खेळ्या येत राहिल्या. मित्र घरच्यांबरोबर इमारतीच्या तळघरात होता. वर स्फोट चालले होते आणि खाली तो शेजाऱ्यांच्या मुलांना गोळा करून बुद्धिबळ शिकवत होता, म्हणजे ती रडायची थांबावीत. ग्रँडमास्टर झोपेनासे झाले. गावाकडच्या धाकट्या मावसभावाशी फोनवर त्यांचं भांडण झालं. भावाला युद्ध योग्य वाटत होतं. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं कायमचं थांबलं. मी शनिवारी जायची तेव्हा पट मांडलेला असायचा, पण खेळ व्हायचा नाही. ते बातम्यांतले रस्ते ओळखत बसायचे. या कोपऱ्यावर आम्ही चेरी घेतल्या होत्या, या दुकानात त्याने मला टोपी घेऊन दिली होती.

एका शनिवारी त्यांनी मला दार उघडलं आणि फोन पुढे केला. संदेश रशियनमध्ये होता. मुलीने अर्थ सांगितला. त्यात खेळी नव्हती. मित्राने लिहिलं होतं, मी कसा आहे हे मला विचारू नकोस, तुमच्या लोकांना विचार. यापुढे मला लिहू नकोस.

त्यांनी लिहिलं. मुलगी नको म्हणत होती तरी लिहिलं. माफी मागितली, मग नुसतीच विचारपूस केली, मग फक्त एक खेळी पाठवली, चाल मित्राची होती तरी आपलीच मागची खेळी पुन्हा. उत्तर आलं नाही. खिडकीतला पट तसाच राहिला. मुलगी त्यावरची धूळ मोहरी न हलवता पुसायची. वेलिंग्टनमधला हिवाळा गेला, उन्हाळा आला, तिकडे हिवाळा लागला. बातम्यांत यायचं की वीजकेंद्रांवर हल्ले होतायत, घरं गोठतायत. इकडे रात्री गार वारा सुटला तरी ते हीटर लावू देत नसत. मुलीने मला हे फार्मसीत येऊन सांगितलं, दबक्या आवाजात, औषधाच्या निमित्ताने.

"आई, ही इज हेप्स सॅड," माझी लेक मला म्हणाली. तिला मराठी कळतं, पण उत्तर इथल्या इंग्रजीतच येतं; हेप्स म्हणजे खूप. मी हो म्हटलं.

एका सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. लगेच येऊ शकशील का? मित्राच्या नातीचा निरोप होता, ती बोलू इच्छित होती. कशाबद्दल, ते मुलीच्या लक्षात आलं होतं आणि तिला वडिलांबरोबर एकटीने ते ऐकायचं नव्हतं. मी गेले.

पडद्यावर विशी-बाविशीची ती नात होती. पोलंडमध्ये आईबरोबर होती. ती बराच वेळ बोलत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. सुरुवातीला ते मान हलवत होते. मग मान हलवायची थांबली. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, आणि तो हात बोलणं संपेपर्यंत खाली आला नाही.

ग्रँडमास्टरांच्या मुलीने नंतर स्वयंपाकघरात मला सांगितलं. मित्र गेला होता. बॉम्बने नाही. सगळे निघाले तेव्हा तो घर सोडून यायला तयार झाला नव्हता; थंडीत, अंधारात, हृदय थांबलं. युद्ध सुरू झाल्यावर घरात त्याने यांचं नाव घेऊ दिलं नव्हतं. पण तळघरात मुलांना तो शिकवायचा तेव्हा एक डाव रोज मांडायचा. हत्ती, प्यादी, मध्यापर्यंत आलेला राजा. नात समोर बसलेली असायची. तो मुलांना सांगायचा, इथे माझा मित्र जिंकत होता. मग त्याने माझ्या हाताकडे पाहिलं आणि तो मागे वळला. मला ते त्याच वेळी कळलं. मी जन्मभर त्या बचावाची बढाई मारली, कारण मला कळलंय हे त्याला समजलं असतं तर तो माझ्यासमोर अवघडला असता.

"नाव नाही घ्यायचे," मुलगी म्हणाली. "पण 'माझा मित्र' म्हणायचे. शेवटपर्यंत."

फोन ठेवण्याआधी ग्रँडमास्टरांनी नातीला एकच प्रश्न विचारला होता. आजोबांनी खिडकीतल्या डावातली पुढची खेळी कधी बोलून दाखवली का? नातीला त्या डावाबद्दल काही माहीत नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा ते खिडकीपाशी उभे होते. त्यांनी मोहरी एकेक करून पेटीत ठेवली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. बाबा गेले तेव्हा कुणी माझ्याजवळ येऊन उभं राहायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं, आणि मी रडायला लागले. ते रडले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली.

त्यानंतर ते कधी खेळले नाहीत. मी जात राहिले. आम्ही टोमॅटोबद्दल बोलायचो, वाऱ्याबद्दल बोलायचो. मी केलेलं थालीपीठ त्यांना आवडायचं. मुलीने एकदा मुद्दाम पट टेबलावर ठेवून पाहिला. त्यांनी त्याच्यावर वर्तमानपत्र ठेवलं. मागल्या वर्षी ते पायऱ्यांवरून पडले, कमरेचं हाड मोडलं, आणि घर टेकडीवर असल्यामुळे त्यांना वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

तिथल्या बैठकीच्या खोलीत बुद्धिबळाचा संच आहे. मी भेटायला गेले होते तेव्हा तिथले एक किवी आजोबा, पूर्वीचे ट्रकचालक, तो घेऊन आमच्याजवळ आले. "किया ओरा," असा माओरी नमस्कार केला, आणि ग्रँडमास्टरांना विचारलं, एक डाव खेळायचा का? इथे कुणालाच येत नाही.

ग्रँडमास्टर त्यांच्याकडे अदबीने पाहून हसले.

"माफ करा," ते म्हणाले, "मला हा खेळ येत नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची स्मृती शाबूत होती. आदल्याच आठवड्यात माझ्या लेकीच्या परीक्षेचा विषय त्यांनी बिनचूक आठवून विचारला होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

किवी आजोबांच्या हातात पट तसाच होता, म्हणून मी म्हटलं, मला येतो थोडा. आम्ही खेळलो. ते फार आनंदाने खेळत होते, दर खेळीला खुर्चीत उड्या मारल्यासारखं करत. चहाची गाडी येईपर्यंत डाव चालला. ग्रँडमास्टर बागेकडे तोंड करून बसले होते. त्यांनी एकदाही पटाकडे पाहिलं नाही.

अजूनही मी शनिवारी जाते. नाशपाती कापून नेते, ते खातात. आज वारा पडला का, असं विचारतात. मी सांगते, नाही, आज खूप आहे.